डोंग्यातली हुंकारी

वऱ्हाडातल्या लहान पोरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दिवसाउजेडी गोष्ट सांगायची नाही आणि ऐकायचीही नाही. ऐकली तर मामा वाट चुकतो. कोणाचा मामा, कोणत्या वाटेवर, हे कोणी विचारत नाही. ऐन कामाच्या वेळी पोरं गोष्टीसाठी मागं लागली की आया एवढं सांगून मोकळ्या होतात, आणि पोरंही गप्प बसतात. कारण मामा सगळ्यांनाच हवा असतो.

पण मामानंच दिवसा गोष्ट ऐकली तर काय होतं, हे कोणी सांगून ठेवलेलं नव्हतं. ते देवमनला कळलं.

देवमन अकोल्याला राहायचा. सत्तरीला टेकलेला माणूस. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधण्यात उमर गेली आणि पाठीला कायमचा बाक आला. घरात तो आणि त्याची बायको मनकर्णाबाई, दोघंच. धाकटी बहीण जमुना बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत राहायची. तिला एकच मुलगी, आचल. आचल रोज बडनेऱ्याहून अमरावतीला जायची, रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये कामाला होती. तिचा हा एकच मामा.

देवमन अक्षरं शिकला तेव्हा डोक्याचे केस पांढरे झाले होते. वस्तीतल्या विहारात रागिणी नावाची एक मुलगी संध्याकाळी वर्ग घ्यायची. वर्गात सगळ्या बायाच. देवमन दाराजवळ बसायचा, म्हणजे कोणी ओळखीचं आलं तर सहज टेकलो होतो म्हणता यावं. दोन पावसाळे गेले आणि तो वाचायला लागला. हळू, बोट ठेवून, ओठ हलवत. पण वाचायला लागला.

आणि वाचायला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की जगातली अक्षरं जागेवर उभीच राहत नाहीत. बसवरचं गाव अर्धं वाचून होत नाही तोवर बस निघून जाते. टीव्हीवरची खालची पट्टी 'मुख्यमं' इथपर्यंत हाती लागते आणि पुढची बातमी येते. पुस्तक पळत नाही, हे खरं. पण पान उघडलं की मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं व्हायचं. बोट कुठं ठेवावं तेच समजायचं नाही. दोन-चार पुस्तकं त्यानं अशी उघडली आणि मिटली. एक तरी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या डोळ्यांनी वाचायची, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची नाही, एवढी एकच हौस त्याच्या मनात राहून गेली होती. ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. आचलला मात्र ती कशी कोण जाणे समजली.

मागच्या उन्हाळ्यात ती अकोल्याला आली, तेव्हा तिनं मामाचा मोबाईल मागून घेतला आणि त्यात काहीतरी टाकलं.

"मामा, हे पाहा. यात एक डोंगा हाय. तो तुमी वल्हवाचा."

"शर्यत हाय काय?"

"नाई."

"मंग मांगं कोणी लागते?"

"कोणीच नाई लागत."

"डोंगा बुडते?"

"नाई बुडत."

"मंग खेळ कायचा वं हा?"

"डोंग्यात एक माणूस येऊन बसते. तो बोलते. तुमी ऐकाचं, अन् त्याले पल्याड नेऊन सोडाचं."

देवमनला वाटलं, पोरगी थट्टा करते. पण तसं नव्हतं. कुठल्याशा थंड देशातल्या दोघा बहीणभावांनी तो गेम बनवला होता. त्यात एक नदी, नदीवर धुकं, आणि एक मुका डोंगेवाला. तो मुका म्हणजे आपण. एका खेपेला एकच माणूस डोंग्यात बसायचा आणि आपली कर्मकहाणी सांगायचा. तो जे बोले ते खाली लिहून यायचं, एका वेळी एकच ओळ. आपण बोटानं दाबलं नाही तोवर ती ओळ हलायची नाही. दोन ओळींच्या मध्ये वल्ह्याचा आवाज. घाई करायची म्हटली तरी करता यायची नाही, कारण नदीच संथ होती.

आचलला हा गेम इतका आवडला होता, की बनवणाऱ्यांना विचारून तिनं तो मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं होतं. पैसा कोणी देत नव्हतं. ती आणि ठिकठिकाणची चार-पाच माणसं, जी एकमेकांना कधी भेटलीही नव्हती, रिकाम्या वेळी बसून एकेक खेप मराठीत करायची. अमरावतीचा स्वप्निल नावाचा मुलगा ती अक्षरं गेममध्ये बसवून द्यायचा. ती विद्या त्या सगळ्यांत त्याला एकट्यालाच येत होती.

देवमननं पहिली ओळ वाचली, ती एक बाई टोपलीत कोंबडी घेऊन डोंग्यात बसली तिची. वाचायला त्याला बराच वेळ लागला. ओळ थांबून राहिली. त्यानं ती दुसऱ्यांदा वाचली. तरी थांबून राहिली. त्यानं मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं, नाक पुसलं, आणि परत खाली पाहिलं, तर ओळ तिथंच.

"ही बाई लय सबुरीची हाय," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मनकर्णाबाईच्या घरात सवत आली.

"तिकडं मोबाईलात नदी वाहून राह्यली," ती म्हणायची, "अन् इकडं माही टाकी कोरडी. नळ येऊन गेला, हाय काय तुमाले पत्ता?"

"येईन नं परत."

"येईन! चार दिवसानं येईन. तवर तुमच्या डोंग्यातलं पाणी देता काय प्याले?"

देवमन हसायचा आणि बादली उचलायचा. खेपेमागून खेप होत गेली. कोंबडीवाली झाली. पायात जोडा नसलेला एक शिपाई झाला. एक लहान पोरगी होती, ती दर दोन-तीन खेपांनी यायची आणि काहीच न बोलता बसून राहायची. आणि एक माणूस होता तो आपल्या घराचं दार पाठीवर घेऊन आला होता. घर पडलं, बायको गेली. पण या दारावर तिच्या हाताचा रंग आहे म्हणून दार तेवढं घेऊन नव्या गावी चाललो, असं तो सांगायचा. ही खेप देवमननं कितीदा केली त्याला मोजदाद नाही.

एकच गोष्ट त्याला खुपत होती. ओळ वाचून झाली की जिथं दाबायचं, तिथं 'पुढे' असं लिहिलेलं होतं. एक दिवस त्यानं आचलला फोन लावला.

"आचल, हे 'पुढे' काहून लिहिलं वं? कंडक्टर हाकलते तसं वाटते. थो दरवाजेवाला बायकोचं सांगून राह्यला, अन् आपण त्याले म्हणाचं, पुढे?"

"मंग काय म्हणाचं मामा?"

"आपण काय म्हणतो? 'हं' म्हणतो."

तेल्हाऱ्याकडच्या त्यांच्या गावात रीतच तशी होती. जेवणं झाली की अंगणात गोष्ट व्हायची. गोष्ट सांगणाऱ्याला एक हुंकारी भरणारा लागायचा. दर वाक्याला त्यानं 'हं' म्हणायचं. 'हं' थांबलं, की ऐकणारा झोपला असं समजून सांगणारा तिथंच गोष्ट मिटायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून उचलायचा. आणि एक नेम असा, की ज्यानं हुंकारी घेतली त्यानं बोलणाऱ्याला अर्ध्यात टाकून उठायचं नाही. घरात पाहुणा आलेला असो की गोठ्यात गाय सुटलेली असो. गावात गोष्टी सांगणारे बरेच होते. देवमनचे वडील नत्थुजी त्यांतले एक. पण डोळा न लागता हुंकारी भरणारं पोरगं म्हणजे देवमन. त्याला शेजारच्या आळीतूनही बोलावणं यायचं.

आचलनं हे सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या मंडळीपुढं ठेवलं. कोल्हापूरकडच्या एकानं विचारलं, नुसतं 'हं' लिहिलं तर लोकांना समजेल का. दुसरी म्हणाली, माझी आजी असंच करायची, लिहा बिनधास्त. आठ-पंधरा दिवसांनी देवमनच्या मोबाईलात 'पुढे' जाऊन 'हं' आलं.

तेव्हापासून तो दाबायचा आणि तोंडानंही म्हणायचा. त्यातून नवीच भानगड झाली.

"दळण आणता काय जी?" मनकर्णाबाई आतून विचारायची.

"हं."

"आत्ता जाता?"

"हं."

आणि अर्ध्या घंट्यानं ती बाहेर येऊन पाहते तर डबा तिथंच आणि नवराही तिथंच. "हे पाहा," ती शेजारणींना सांगायची, "यांचं 'हं' त्या डोंग्यातल्या माणसांसाठी असते. माह्या वाट्याले 'त्याचं असं झालं का नं' येते." कारण देवमनला काहीही सांगायचं झालं की तो तिथूनच सुरुवात करायचा. त्याचं असं झालं का नं. आणि ते सुरू झालं की पुढं गॅसवरचं दूध उतू जाईस्तोवर थांबायचं नाही, असा मनकर्णाबाईचा अनुभव होता.

दिवाळीच्या सुमारास देवमन शेवटच्या खेपेशी आला. डोंगा काठाला लागलेला, धुकं विरळ झालेलं, आणि खाली ओळ आली: 'या खेपेचे मराठी अजून व्हायचे आहे.'

तो थांबला. थांबायची त्याला सवय होती. कापसाचा हंगाम गेला, तुरी निघाल्या, ओळ तीच. आचलला विचारावं तर पोरीवर बोजा नको म्हणून त्यानं विचारलं नाही. तो आपला जुन्या खेपा परत करत राहिला.

मग एका गुरुवारी जमुनाचा फोन आला.

"दादा, तू एकडाव येऊन जा. पोरीले समजावून सांग. दोन वर्सं झाले, सुटीचा दिवस नाही का सण नाही, त्या मोबाईलच्या खेळात डोळे फोडून राह्यली. फुकटची मजुरी. आता तोंड पाडून बसली हाय. म्हणते, बंद करतो. पण बंद बी करत नाही अन् जेवत बी नाही."

"दे तिले फोन."

आचल फोनवर आली.   देवमननं घाई केली नाही; त्याला वाट पाहता येत होती.

"मामा, स्वप्निलले हैदराबादले नोकरी लागली," ती शेवटी म्हणाली. "रविवारी संध्याकाळी जाते. तो म्हणते, तिथं गेल्यावर माह्याच्यानं होणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. रविवारपर्यंत शेवटची खेप दे, मी बसवून देतो. नाहीतर राह्यली ते राह्यली."

"मंग दे."

"होत नाही. त्या खेपेत एक जण बोलते. त्याचा आवाजच सापडून नाही राह्यला. सगळं लिहून पाह्यलं, सगळं पुस्तकी होते. अन् मामा, कोणासाठी करू? पन्नास-साठ लोक असतीन सगळे मिळून. धारणीकडची एक नर्स हाय, जीपची वाट पाहत बसली का एक खेप करते म्हणते. बाळापूरचा एक दुकानदार हाय. एवढेच. बाकीचे लिहितात, हा गेम हाय का झोपेची गोळी."

देवमनला म्हणायचं होतं, मी आहे ना. पण ते फोनवर म्हणावं असं वाटेना. तो म्हणाला, "रविवारी येतो. दुपारचं जेवाले तिथंच."

रविवारी सकाळी तो अकोल्याहून पॅसेंजरमध्ये बसला. खिडकीजवळ जागा मिळाली. मनकर्णाबाईनं जमुनासाठी तिळाच्या चटणीचा डबा दिला होता, तो मांडीवर. बाहेर हरभऱ्याची शेतं, कुठं कुठं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचे ढीग. आचलला काय सांगायचं ते जुळवावं म्हणून त्यानं डोळे मिटले, काही जुळेना. मग त्यानं मोबाईल काढला आणि दरवाजेवाल्याची खेप लावली.

गाडी मूर्तिजापूरला थांबली, निघाली. दरवाजेवाला डोंग्यात चढला, दार आडवं ठेवून त्याच्याजवळ बसला. देवमन वाचत होता आणि हळूच 'हं' म्हणत होता. समोरच्या बाकावरच्या एका बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं.

बडनेरा आलं. गाडी थांबली, लोक उठले, गलका झाला. देवमननं मान वर केली. समोरच पाटी होती. ती त्यानं अख्खी वाचली, 'बडनेरा', एकही अक्षर न सोडता. मग खाली पाहिलं. दरवाजेवाला म्हणत होता, 'तिनं रंग कालवला तेव्हा तिच्या बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या होत्या, आणि मी'

आणि मी, इथं ओळ संपत होती.

माणूस बोलता बोलता असा मध्येच उभा असताना त्याला टाकून उठायचं कसं? एवढं वाक्य होऊ द्यावं, गाडी इथं चांगली थांबते, असा विचार करून देवमननं 'हं' दाबलं. त्या वाक्याला लागून दुसरं होतं आणि दुसऱ्याला तिसरं. डोंगा काठाला लागला, दरवाजेवाल्यानं दार पाठीवर घेतलं, आणि देवमननं मान वर केली, तेव्हा बडनेरा केव्हाच मागं पडलं होतं आणि डब्यात भलतीच माणसं होती.

"कोणतं टेशन येऊन राह्यलं भाऊ?"

"चांदूर."

फोन करावा म्हटलं तर मोबाईलनं तेवढ्यात डोळे मिटले. सगळ्यांचे नंबर त्याच्याच पोटात. देवमन चांदूरच्या फलाटावर चटणीचा डबा घेऊन उभा राहिला. परतीची गाडी कधी, विचारलं, तर कोणी खांदे उडवले, कोणी हसलं. शेवटी तो बसस्टँडवर गेला. बस मिळाली ती अमरावतीपर्यंत. तिथून ऑटोनं बडनेरा. उन्हं कलायला लागली तेव्हा तो जमुनाच्या दारात उभा राहिला.

घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. जमुना उंबऱ्यातच उभी होती.

"कोठी होता तू? वहिनीचा अकोल्याहून सात डाव फोन आला! मोबाईल बंद, गाडी येऊन गेली. आमी टेशनवर दोन चकरा मारल्या. आता पोलिसात जाणार होतो आमी!"

आचल आत पलंगावर बसली होती. डोळे लाल. समोर लॅपटॉप, मिटलेला.

"स्वप्निलले सांगून टाकलं," ती म्हणाली. "नाही होत म्हणून. तो टेशनवर जाता जाता येऊन जाईन, माहा पेनड्राइव्ह द्यायले. मामा, तुमी होते कोठी?"

देवमननं डबा खाली ठेवला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि टेकला.

"त्याचं असं झालं का नं," तो म्हणाला.

आणि मग त्यानं सांगितलं. खिडकीची जागा, समोरची बाई, पाटी कशी अख्खी वाचली ते. जमुना कपाळाला हात लावून ऐकत होती. आचल आधी नुसतीच बघत होती. मग तिच्या तोंडून नकळत 'हं' निघालं.

"पाटी दिसली होती तुमाले?" तिनं मध्येच विचारलं.

"दिसली म्हणजे? वाचली."

"अन् तरी उतरले नाही?"

"कसा उतरू? थो बोलून राह्यला होता."

"मामा, ती खेप त तुमाले पाठ हाय!"

"पाठ हाय म्हणून काय झालं? अर्ध्यातून उठता येते काय? थो बिचारा बायकोचं सांगून राह्यला, अन् मी म्हणू, थांब बापा, माहं टेशन आलं?"

जमुना फसकन हसली. मग आचल हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे परत भरले.

"दिवसा गोष्ट ऐकली," ती म्हणाली. "अन् मामा वाट चुकला."

"चुकला नं. चांदूरले जाऊन आला."

आचलनं लॅपटॉप उघडला.

"मामा, परत सांगा. पहिल्यापासून. जसं सांगितलं तसंच."

देवमनला काही समजेना, पण सांगायला त्याला कधीच अडचण नसायची. त्यानं परत सांगितलं. आचल 'हं' म्हणत होती, पण तिची नजर त्याच्या शब्दांवर नव्हती. शब्द येतात कसे, थांबतात कुठं, तिकडं होती. बस चांदूरहून निघाली इथपर्यंत तो आला, तेव्हा तिनं हात वर केला. "बस. आता बोलू नका." आणि तिची बोटं चालायला लागली.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता मी मोठ्यानं सांगून पाह्यते. मामा, तुमी हुंकारी भरा."

देवमन तयारच होता. जन्मभर तेच तर काम. पण तोंडातला 'हं' त्यानं गिळला.

"मले नोको सांगू," तो म्हणाला. "ही एक गोष्ट मले माह्या डोळ्यानं वाचाची हाय. शेवटपर्यंत. जमुने, तू बैस."

"मी? मले काय समजते त्यातलं? अन् माहा भात ठेवला हाय."

"भात मी पाह्यतो. तू फक्त 'हं' म्हण."

जमुना कुरकुरत बसली. देवमन स्वयंपाकघरात गेला आणि शेवट चुकूनही कानावर पडू नये म्हणून त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली. तरी बहिणीचं 'हं' तेवढं भिंतीतून यायचं. आधी ते लवकर लवकर यायचं, हिशेब उरकल्यासारखं. मग त्यात अंतर पडायला लागलं. मधेच स्वप्निल आला, पाठीवर बॅग, हातात पेनड्राइव्ह. त्याला आचलनं हातानंच गप्प केलं, तसा तो दाराशी आपल्या बॅगेवर बसून राहिला. एका जागी 'हं' अगदीच थांबलं. देवमनला वाटलं, झोपली की काय. त्यानं एका कानातलं बोट काढलं.

"मंग?" जमुना म्हणत होती. "थांबली काहून? पुढं काय झालं, सांग नं!"

"संपलं आई. एवढंच हाय."

 त्यावर शेवटचं एक 'हं' आलं. जमुना उठून स्वयंपाकघरात आली. भात खाली लागला होता, घरभर वास सुटला होता, आणि तिचा भाऊ एका कानात बोट घालून उभा होता. तिनं गॅस बंद केला. भांडं उतरवलं, वरचा भात काढला, आणि चार ताटं घेतली.

स्वप्निलनं जेवता जेवता डाव्या हातानं लॅपटॉप आपल्याकडं ओढला.

"बाकीचं गाडीत करतो," तो म्हणाला. "आचल, तू आत्ताच दुपारी नाही होत म्हणाली होती नं? अन् मामा, माही गाडी चुकली त तुमी जबाबदार."

"चुकू दे नं," देवमन म्हणाला. "चांदूरहून बस हाय."

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी देवमन मोबाईल उघडून बसला, तर 'व्हायचे आहे' ती ओळ नव्हती. अंगणात ऊन होतं. मनकर्णाबाई आत दूध तापवत होती. त्यानं खाट सावलीत ओढली आणि बोट ठेवलं.

शेवटच्या खेपेला ती लहान पोरगी आली होती, जी कधी बोलायची नाही. आता ती मोठी झाली होती. ती डोंग्यात चढली, आणि बसायच्या जागी बसली नाही. तिनं डोंगेवाल्याच्या हातातून वल्हं घेतलं. 'काका, तुम्ही बसा,' ती म्हणाली. 'सगळ्यांचं ऐकलं. आता तुमचं सांगा. मी ऐकते.' वल्ह्याचा आवाज झाला. धुक्यातून डोंगा निघाला. आणि इतक्या खेपांत ज्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, त्या डोंगेवाल्याची ओळ खाली आली.

'त्याचं असं झालं का नं...'

देवमनचं बोट तिथंच थांबलं. ओळही थांबली. त्यानं ती दुसऱ्यांदा वाचली. मग तिसऱ्यांदा. मान वर केली, कुंपणावरच्या चिमण्या पाहिल्या, नाक पुसलं, परत खाली पाहिलं. ओळ वाट पाहत होती.

"हं," तो म्हणाला, आणि दाबलं.

खाटेवरची सावली सरकून ऊन त्याच्या पायावर आलं, गुडघ्यावर आलं, तरी तो हलला नाही. डोंगा पल्याड लागला तेव्हा त्यानं मोबाईल उशाशी ठेवला आणि दोन्ही तळहात डोळ्यांवरून फिरवले.

"झालं काय जी?" मनकर्णाबाई दारात येऊन उभी राहिली.

"झालं."

"सगळं?"

"सगळं. शेवटपर्यंत. मी वाचलं."

ती पदराला हात पुसत खाटेजवळ आली. तिला अक्षर येत नव्हतं; रागिणीच्या वर्गाला ती कधी गेली नव्हती.

"मंग काय झालं शेवटी त्या मुक्याचं? मले सांगा नं."

"आत्ता? दिवसा?" देवमन म्हणाला. "मामा वाट चुकते."

"मामा त हा खाटेवर बसला हाय. कोठी चुकते आता?"

"हुंकारी भरशीन?"

"भरतो."

"अर्ध्यातून उठाचं नाही."

मनकर्णाबाईनं जरा विचार केला. मग ती आत गेली, गॅस बंद केला, दूध उतरवून झाकून ठेवलं, आणि बाहेर येऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"त्याचं असं झालं का नं," देवमननं सुरुवात केली.

"हं," ती म्हणाली.